जनरेटरला ब्रेक नसतो

“लिहा साहेब, ड्रायव्हरची चूक,” माणिकरावजी म्हणाले, आणि मी लिहिलंसुद्धा. जॉबकार्डवर, सुवाच्य अक्षरात: ‘चालकाची सवय. ब्रेकचा अतिवापर.’ खाली सही ठोकली. वर त्यांच्याकडचा चहाही प्यायलो.

ज्यांच्याबद्दल लिहिलं ते देवमनभाऊ समोरच उभे होते. वय छप्पन्न, खांद्यावर दुपट्टा, माणिकरावजींकडे चोवीस वर्षं नोकरी. ते एवढंच म्हणाले, “साहेब, मले ब्रेक मारता येत नाही असं म्हणून राहिले काय तुम्ही?”

मी म्हणालो, “तसं नाही देवमनभाऊ, सवयीचा प्रश्न असतो.”

हे वाक्य आम्ही सर्व्हिसवाले फार वापरतो. त्याचा अर्थ ‘तसंच’ असा होतो.

मी डिझेल पिकअप बनवणाऱ्या एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा हा माझा इलाका. वर्कशॉपला न सुटलेली तक्रार माझ्याकडे येते. मी जातो, ऐकतो, कागद भरतो आणि नागपूरच्या साहेबांना ‘क्लोज’ म्हणून कळवतो. कधीकधी गाडीही दुरुस्त होते.

माणिकरावजींचं सौंसरला बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, आणि मुख्य म्हणजे दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला भलाथोरला जनरेटर. लग्न छिंदवाड्याला असलं की हा जनरेटर पिकअपच्या मागे जोडून सिल्लेवानीचा घाट चढवायचा, नवरा-नवरी मार्गी लागले की उतरवायचा. तक्रार उतरतानाची होती. तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू झाला, तेव्हापासून संक्रांतीपर्यंत ब्रेकचे लायनर तीनदा बदलले होते. लायनर म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाच्या ड्रमला आतून घासणारी पट्टी. ती वर्ष-दीड वर्ष सहज जाते. इथे ती महिना टिकेना. ड्रम जळून निळे पडले होते.

“एक तारखेपासून दुसरा ड्रायव्हर ठेवतो,” माणिकरावजी म्हणाले. “तुमचा कागद पाहिजे होता फक्त. उद्या कोणी म्हणायले नको, का माणिकरावनं जुन्या माणसाले उगाच काढलं.”

म्हणजे माझी सही त्यांच्या मनाच्या समाधानासाठी होती. हे मला कळलं तेव्हा चहा संपला होता.

आता या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. तो काय असतो ते सांगतो. सायकलचा पंप आठवा. पुढचं भोक अंगठ्याने दाबलं की दांडा ढकलायला जोर लागतो. इंजिनचंही तसंच. धूर जिथून बाहेर पडतो त्या पाइपमध्ये एक झडप असते. ड्रायव्हरने स्विच दाबून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झडप मिटते, धूर कोंडतो, इंजिन जड होतं आणि गिअरमधून मागच्या चाकांना धरून ठेवतं. लायनर घासत नाहीत, तापत नाहीत. घाटात वरदानच.

पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. गाडी गिअरमध्ये असेल तरच तो काम करतो. क्लच दाबला की गेला. दुसऱ्या गिअरमध्ये चांगला धरतो, चौथ्यात नुसता कण्हतो. तो वेग आवरतो, गाडी थांबवत नाही. आणि त्याची सत्ता पिकअपच्या मागच्या चाकांपुरती. मागे जोडलेल्या जनरेटरला ना एक्झॉस्ट ब्रेक, ना साधा ब्रेक. तो उतारावर फक्त ढकलतो. वऱ्हाडातला फुगलेला मामा जसा सगळ्यांना पुढे ढकलतो आणि स्वतः काही करत नाही, तसा.

हे सगळं व्याख्यान मी देवमनभाऊंनाही दिलं होतं, चोवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर्कशॉपवर आले. गाडी घेऊनच. चौथे लायनर बसवायचे होते.

“साहेब, एक विचारू? राग नका मानू.”

“विचारा.”

“काल तुम्ही गाडीखाली पाहिलं काय?”

मला राग आलाच. कारण पाहिलं नव्हतं. खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

“स्विच दाबला की डॅशबोर्डवर लाईट लागतो ना?” मी म्हणालो. “मग एक्झॉस्ट ब्रेक चालूच आहे.”

“लाईट लागते न. पण धरत नाही. मागच्या सीझनले धरत होता, कानाले आवाज येत होता. अधिक महिन्यानंतर मुकाच झाला. मी मालकाले सांगतलं, तर म्हणते, तुह्या कानाचं वय झालं.”

मी म्हणालो, “ठीक आहे, पाहतो.” त्यांचं तोंड बंद करायलाच गाडीखाली सरकलो. आणि माझंच बंद झालं.

झडपेची दांडी तारेने बांधली होती. मांडवाचे बांबू बांधतात ती तार. तीन वेढे, वर पीळ, टोक नीट आत दुमडलेलं. झडप कायमची उघडी. स्विच दाबला की लाईट लागायचा, व्हॅक्यूमचा डबा दांडी ओढायला जायचा आणि तार म्हणायची, बस खाली. डॅशबोर्डवरचा दिवा फक्त हुकूम सुटला एवढं सांगतो. तो पाळला गेला की नाही, हे बघायला माणसाला खाली झोपावं लागतं.

देवमनभाऊ तीन महिने मागून ढकलणाऱ्या जनरेटरसकट तो घाट नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरवत होते. लायनर जळत होते, माणसं वाचत होती. आणि मी लिहिलं होतं, चालकाची सवय. मला मनापासून लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळीवर सही माझी.

“तार तुम्ही बांधली?”

“मी कायले बांधू, साहेब? मले काय मरायचं आहे?”

तेवढ्यात नागपूरहून साहेबांचा फोन.

“ती सौंसरची क्लोज झाली ना?”

“झाली होती सर. परत उघडली.”

“कोणी उघडली?”

“मीच.”

पलीकडे जो उसासा ऐकू आला तो मी नोकरीत बऱ्याचदा ऐकला आहे.

मी तारेला हात न लावता मोबाइलवर फोटो काढला आणि माणिकरावजींकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. मग उठून दुकानाचं आतलं दार लावलं.

“साहेब, हे कोणाले दाखवलं तर नाही न?”

“का? कोणी बांधली?”

“बांधली म्हणजे... सेटिंग केली होती. जावईबापूनं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. अधिक महिन्यात लग्नं नसतात. गाडी दारात उभी. आणि त्याच महिन्यात जावई धोंड्याच्या जेवणाला येतो. हे जावईबापू पांढुर्ण्याचे. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान. सासुरवाडीत त्यांचा शब्द म्हणजे इंजिनातला शेवटचा. अनारसे तळून होईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून ते नव्या गाडीखाली शिरले. झडप दिसली. निदान झालं: या झडपेमुळे इंजिनचा श्वास कोंडतो, म्हणून ॲव्हरेज कमी. मांडवाची तार मागवली. पाच मिनिटांत श्वास मोकळा.

“मग ॲव्हरेज वाढला का?” मी विचारलं.

“जावई म्हणाले, वाढला.”

“तुम्ही मोजला?”

“जावयानं सांगतल्यावर मोजतात काय, साहेब?”

मी त्यांना समजावलं की ब्रेक बंद असताना झडप आपोआप उघडीच असते, पाइप मोकळाच असतो. आणि उतारावर पाय काढल्यावर इंजिन डिझेल पीतच नाही. श्वासबीस काही कोंडत नाही. ते मान डोलवत राहिले. त्यांना हे पटत होतं आणि तेच त्यांचं दुखणं होतं.

“तार काढून टाका गुपचूप,” ते म्हणाले. “विषय खतम.”

“आणि देवमनभाऊ?”

त्यांनी चष्मा परत पुसायला काढला. मग म्हणाले, “पाहतो त्याचं. पण कागदावर काही बदलू नका. बदललं तर घरी विचारतील, मग चूक कोणाची? जावई आहे माझा. धोंड्याले बोलावून त्याची चूक काढू काय?”

बाहेर देवमनभाऊ गाडीला टेकून उभे होते. दार लावलेलं असलं तरी बिछायत केंद्राच्या भिंती पत्र्याच्या. ते मला म्हणाले, “मालकानं ठेवलं तर ठेवलं, नाही ठेवलं तर नाही. संत्र्याची गाडी चालवीन. पण मले ब्रेक मारता येत नाही, हे लिहिलेलं खोडा, साहेब. या धंद्यात माणसाजवळ दुसरं काय असते?”

मी खोडू शकलो असतो. पण खोडलेल्या कागदाखाली माणिकरावजींची सही लागते, आणि माणिकरावजींच्या हाताला जावयाचा लकवा मारलेला. विचार करत होतो, तेवढ्यात देवमनभाऊंकडून कळलं की जावईबापू त्या आठवड्यात बारशासाठी सौंसरलाच होते. आणि जनरेटर छिंदवाड्याला एका लग्नावर होता, तो दुसऱ्या सकाळी आणायचा होता.

मी जाऊन जावईबापूंना भेटलो. भला माणूस. तेल लावून चापून बसवलेले केस, पांढराशुभ्र शर्ट. म्हटलं, “तुम्हाला इंजिनातलं कळतं असं ऐकलंय. गाडीची ट्रायल आहे, तुमचं मत पाहिजे.”

“येतो न,” ते म्हणाले. “कंपनीवाल्याले आमचं मत पाहिजे, म्हणजे मोठी गोष्ट आहे.”

आता, मला धोका घ्यायचा नव्हता. लायनर नवे बसवले होते, पिकअप रिकामी ठेवली, गिअर दुसरा. घाटाच्या अवघड वळणांच्या आधी एक सरळ, सौम्य उतार आहे आणि त्याच्या शेवटी गाडी बाजूला घ्यायला ऐसपैस जागा. तार फक्त तिथपर्यंतच ठेवायची, असं देवमनभाऊंशी ठरवलं. माणिकरावजी आपल्या कारमध्ये मागे.

उतार लागला. देवमनभाऊंनी स्विच दाबला. “लाईट पहा, जावईबापू. लागला?”

“लागला.”

“आता एक्झॉस्ट ब्रेक धरते.”

नाही धरला. इंजिनचा आवाज चढत गेला. मागून जनरेटरने पहिला धक्का दिला. देवमनभाऊंनी पाय दाबला, सोडला, दाबला. परत धक्का. जावईबापूंनी खिडकीवरची मूठ धरली.

“हे मागून कोण ढकलून राहिलं?”

“जनरेटर,” देवमनभाऊ म्हणाले.

“त्याले ब्रेक नाही?”

“नाही.”

“मग याचा काऊन धरत नाही?”

“लाईट तर लागून आहे, जावईबापू,” देवमनभाऊ अगदी गरीब चेहरा करून म्हणाले. “इंजिनचा श्वास मोकळा आहे न, म्हणून चांगली पळून राहिली.”

ठरलेल्या जागी गाडी थांबली. लायनरचा जळका वास केबिनभर झाला होता. मागून माणिकरावजी धावत आले. “अरे, सारखी लाल बत्ती दिसून राहिली तुमची! विझली नाही का परत लागे!”

जावईबापू खाली उतरले. घाम पुसला. मला त्यांचं ‘मत’ विचारायचा मोह फार झाला. मग त्यांनी हात पुढे केला, “पक्कड आहे काय?”

देवमनभाऊंनी पक्कड दिली, आणि पिकअपमधून मांडवातली एक जुनी सतरंजी काढून गाडीखाली अंथरली. पांढरा शर्ट त्यावर आडवा झाला. तार तुटल्याचा आवाज आला. जावईबापू बाहेर आले ते पाठीवर ग्रीसचा पट्टा घेऊन.

“मामाजी,” ते सासऱ्यांना म्हणाले, “हे मीच बांधलं होतं. देवमनभाऊचा काही दोष नाही.”

माणिकरावजींनी सवयीने सुरुवात केली, “नाही हो जावईबापू, तुमचा कायले...”

“माहाच आहे. तीन महिने या माणसानं माही चूक पायानं धरून ठेवली. मले दोन मिनिटं नाही झेपली.”

सासुरवाडीत कबुली देणारा जावई मी आयुष्यात तो एकच पाहिला. माणिकरावजी देवमनभाऊंकडे वळले. हात जोडावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टाच नीट केला. म्हणाले, “देवमन, मी तुह्यावर अन्याव केला बापा. गाडी तूच चालव.”

“गाडी चालवीन, मालक. आधी कागद.”

कागद मी सोबतच आणला होता. बोनेटवर ठेवून जुनी ओळ खोडली, नवी लिहिली: ‘झडप बाहेरून बांधलेली आढळली. चालकाने गाडी सुरक्षित ठेवली.’ माणिकरावजींनी सही केली. देवमनभाऊंनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवायला लावली.

मग उरलेला घाट उतरलो. स्विच दाबला, झडप मिटली, इंजिनने तो जाडसर घोगरा आवाज काढला आणि गाडी मुठीत धरल्यासारखी संथ झाली. वळणांवर पाय लावावा लागलाच. एक्झॉस्ट ब्रेक असला तरी तो लागतो. पण खाली उतरून ड्रमजवळ हात नेला, तर ते चांगल्या गाडीचे असतात तेवढेच गरम होते. मी माणिकरावजींना म्हटलं, जनरेटरच्या गाड्याला स्वतःचे ब्रेक बसवून घ्या. ते म्हणाले, पाहू. अजून पाहत आहेत. तेवढं होईपर्यंत देवमनभाऊ घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत.

मी यातून एक शिकलो. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक धरत नाही, तर लिहिण्याआधी एकदा गाडीखाली जावं. आणि मालक म्हणाला सगळं ठीक आहे, आमच्या जावयानं पाहिलं आहे, तर दोनदा जावं.