गावपळणीच्या सकाळी अडकलेला संगणक

मंडळी, मालवणच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

आज आमच्या आचऱ्यात गावपळण. देवाच्या हुकमाने अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो; मागे माणूस, जनावर, दिवा काही ठेवायचं नाही. आणि मी शहाण्याने आज सकाळीच संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायला घेतली.

आधी जागा कमी म्हणून अडली. गाणी, फोटो पुसले, तर अर्ध्यावर येऊन थिजली. पडद्यावर ताकीद: बंद करू नका. आत माझा लेख, संध्याकाळी पेपरला द्यायचा.

दारात टेम्पो, त्यात कोंबड्या घेऊन बसलेली आई. "रे, त्या खोक्याक सांग, गाव रितो करूचो आसा!"

"आये, आता बंद केलंय तर लेख गेलो."

"मगे देवाक सांग, जरा थांब म्हणान."

शेवटी वायर ओढली. संगणक आता वेशीबाहेर राहुटीत कोंबड्यांशेजारी आहे आणि वीज रिकाम्या गावात.

कॅफेवाला म्हणतो, हार्ड डिस्क काढून आणा, माझ्या मशीनला जोडून बघू. अशा डिस्कमधून फाइल कुणी सुखरूप काढली आहे का? लवकर सांगा. संपादक संध्याकाळपर्यंत थांबतील. आई तेवढीही थांबली नाही.