पप्पांचं शेवटचं प्रभुभोजन

पप्पांनी आयुष्यभर घाटकोपरच्या आमच्या चर्चमध्ये शब्बाथशाळा घेतली. रविवारी उपासनेआधी मुलं त्यांच्यापुढे उभी राहून दहा आज्ञा म्हणत. एक जरी अडली तरी चर्चचा पूर्ण सभासद होण्याचा विधी, दृढीकरण, पुढच्या वर्षावर, आणि दृढीकरण नाही म्हणजे प्रभुभोजनाची भाकर नाही, प्यालाही नाही. हा नियम कुठल्या पाळकाने घातलेला नव्हता, पप्पांचाच होता. देवाची कृपा फुकट असली तरी फुकट्यांसाठी नाही, असं ते म्हणत. आम्ही घरातली मुलंही त्यांना जरा भिऊनच असायचो.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मुलुंडच्या घरी खिडकीजवळच्या कॉटवर ते दिवसभर पडून असत आणि त्यांचे ओठ हलत असत. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करतायत. आईने कान लावला तेव्हा कळलं, ते आज्ञा म्हणत होते. चौथ्या, शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेपर्यंत यायचे आणि पुढचं काही आठवायचं नाही. पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

डॉक्टरांनी फारशी आशा ठेवू नका म्हटल्यावर मी पाळकसाहेबांना बोलावलं. ते प्रभुभोजन घेऊन घरी आले. प्रार्थना झाली, भाकरीचा तुकडा ओठांशी नेला, आणि पप्पांनी तोंड घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवली.

"आधी... आज्ञा."

पाळकसाहेब वयाने माझ्याहून लहान, पप्पांचेच विद्यार्थी. ते हसून म्हणाले, "सर, मला तुम्ही दोनदा मागे ठेवलंत. तरी झालोच ना पाळक? याला पाठांतर लागत नाही, सर."

"नियम..."

आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "अहो, देव काय रेशनच्या दुकानात बसलाय, कार्ड दाखवा मग देतो म्हणायला? उघडा तोंड!"

पप्पांनी ऐकलं नाही. ते म्हणू लागले. कपाळावर घाम आला. शब्बाथापाशी अडले, परत फिरले, पुन्हा अडले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला ते बघवेना. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"झाल्या, पप्पा. सगळ्या म्हटल्यात तुम्ही. मी मोजत होतो."

पाळकसाहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा पुन्हा पुढे केला.

"दहा?" पप्पांनी विचारलं.

"दहा."

त्यांनी तोंड उघडलं. द्राक्षरस ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला, आईने पदराने पुसला.

खाली स्कूटरपाशी पाळकसाहेब हेल्मेट हातात धरून थांबले. "मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "नाही आठवल्या तरी चालतं, हेच सांगायला आलो होतो मी. आणि तेवढंच राहिलं."

खोटं बोललो याचं मला तितकंसं लागत नाही. त्याची क्षमा मी मागितली आहे. पण पप्पा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर रिकाम्या हातांनी पडले होते. दाखवायला काही उरलं नव्हतं. ती भाकर नेमकी अशाच माणसासाठी असते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि मी काय केलं, तर त्यांच्या हातात पास झाल्याचा निकाल ठेवला. चाळीस वर्षं ज्या भीतीने त्यांना आणि आम्हाला छळलं, तिलाच मी खरं ठरवलं.

त्यानंतर ते खूश होते. भेटायला येणाऱ्यांना सांगत, "सगळ्या म्हटल्या." लोक म्हणत, वा, सर! मी दर वेळी ठरवायचो की आज सांगू, आणि त्यांचा चेहरा बघून गप्प बसायचो.

ते गेले त्याच्या आदल्या दुपारी आई मेडिकलमध्ये गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"एकही... चुकली नाही ना रे?"

आता सांगायला हवं होतं. चुकल्या, पप्पा, तरीही त्याने तुम्हाला दिलं, एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलंसुद्धा.

"नाही पप्पा. एकही नाही."

त्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले.

"मग घेतील मला," ते म्हणाले.