पुतळा वन्संचे दात

पुतळा वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय विचारलं तर म्हणतात, "नेरूळला ठेसन नव्हतं तवाची मी." नवरा लवकर गेला, त्या माहेरी आल्या आणि पुढची कितीतरी वर्षं नेरूळच्या बाजारात भाजी विकली. पहाटे वाशीला एपीएमसीच्या घाऊक बाजारात जाऊन माल उचलायच्या. पण डोळ्यांनी पारखून नाही, दातांनी. भेंडीचं टोक कुणीही मोडून बघतं. वन्सं आख्खी भेंडी खायच्या. गवार, मुळा, गाजर, कोवळं वांगंसुद्धा.

व्यापारी ओरडायचा, "मावशी, माल घेणार का जेवून जाणार?"

"जेवून जाईन. चव असली तर घेऊन पन जाईन."

घरातही तेच. मी गॅसपुढे घाम गाळून कालवण करायची आणि या बाई काकडी-कांद्यावर जेवण उरकायच्या. वर मलाच ऐकवायच्या, "तू शिजवतंस म्हनजे चव जाळतंस गो, सखू." मासळी मात्र शिजवलेलीच लागायची. तिथं तत्त्व नव्हतं.

गेल्या वर्षी शेवटचे दोन दात पडले. कवळी करून आणली, ती हिरड्यांना बोचायची, म्हणून पेल्यात बसून आमच्याकडे बघून हसायची. मी मऊ भात केला, मुगाची खिचडी केली, दुधी शिजवून घोटला. वन्सं दोन घास घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या.

"वन्सं, खा ना थोडं."

"कायला खाऊ? याला ना वास, ना आवाज."

केळी दिली तर म्हणाल्या, "माकड हाय काय मी, रोज रोज?" हातातल्या बांगड्या घसरत घसरत कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, खाल्लं पाहिजे. ते मलाही कळत होतं. भूक कुठून आणायची ते कुणी सांगेना.

तेव्हा माझी नातसून सुचिता पुढं आली. ही पोर संध्याकाळचं काहीच शिजवलेलं खात नाही. लग्न होऊन आली तेव्हा मी शेजारच्या मालतीबाईंना म्हटलं होतं, सून आणली का ससा आणला. तिनं तिची चौकोनी किसणी काढली. चार बाजूंना चार तऱ्हेची भोकं. सगळ्यात बारीक बाजूवर गाजर धरलं आणि हलक्या हातानं ओढलं.

मी बघतच राहिले. जन्मभर विळीवर बसले, गाड्या भरतील एवढी गाजरं चिरली, पण गाजराचा असा कापूस होतो हे मला माहीत नव्हतं. मग तिनं रस काढायचं मशीन लावलं. काकडी, आवळा, पुदिना वरून आत घातला. घरघर नाही, फेस नाही, नुसतं जात्यासारखं हळूहळू फिरत होतं. एका तोंडातून हिरवागार रस, दुसऱ्यातून चोथा, तोही उसाच्या चिपाडासारखा कोरडा. मी रसाला बोट लावलं. गार. आग नाही, वाफ नाही, आणि काकडी जशी वेलीवर होती तशीच पेल्यात उतरलेली! मी नकळत हात जोडले. सुचिता हसली. हसू दे.

तिनं गाजरावर लिंबू पिळलं, दाण्याचं कूट घातलं आणि वाटी पुढं केली. "आत्याआजी, चव बघून सांगा, माल कसा आहे."

वन्संनी चिमूटभर तोंडात टाकलं. हिरड्या हलल्या. बराच वेळ हलल्या.

"परवाचा हाय," त्या म्हणाल्या. "पन गोड हाय." आणि वाटी संपवली.

पुढं रोज किसणी आणि मशीन. दोन वेळा, तेही सुचितानं वाटी नेऊन हातात दिली तरच. आपणहून कधी मागितलं नाही. मला तीच धास्ती होती. ही पोर चार दिवस माहेरी गेली, की बाई पुन्हा ताट सरकवणार.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मी पाटावर शेतातला जुना विळा, कोयता, विळी मांडली. हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली.

वन्सं काठी टेकत आल्या, पाटाकडे बघितलं. "माजे दात कुठं हायत?"

मला वाटलं, कवळी. पेला आणायला निघाले.

"ती नको गो! ती काय कामाची? किसनी आन. मशीन आन."

"वन्सं, ती पुजली तर उद्यापर्यंत वापरता यायची नाहीत. तुम्ही खाणार काय?"

"वरीसभर माज्यासाठी चावतात. येक दिवस त्यांना पन आराम दे."

सुचिता घाबरली. "आत्याआजी, मी आधीच किसून ठेवते ना!"

"मंग त्यांना सुट्टी काय मिळाली? सुट्टीचं काम आधीच करून घेतलंस." त्यांनी स्वतः किसणीला कुंकू लावलं. चारी बाजूंना, एकेक करून. मशीनवर सगळ्यात मोठं फूल ठेवलं.

दिवसभर दोन केळी आणि शहाळ्याचं पाणी. मी चार वेळा खिचडी विचारली, चार वेळा नको. बांगड्यांकडे बघवेना मला.

दसऱ्याला उजाडता उजाडता स्वयंपाकघरात खडखड झाली. मी धावत गेले. वन्सं पाटापुढे बसलेल्या, फुलं बाजूला काढून किसणी मांडीवर घेतलेली, दुसऱ्या हातात आख्खं गाजर.

"काय झालं, वन्सं?"

"काय होनार? भूक लागली! ती पोर कवा उठनार हाय?"

मी सुचिताला हाक मारली नाही. किसणी घेतली आणि खाली बसले. माझ्या हातून गाजर जाड उतरत होतं, त्यावरून त्या मला ओरडत होत्या, आणि मी आनंदानं ऐकत होते.