मास्तरांची पंधरा मिनिटं

मास्तर थांबवायचे ते तोंडाने नव्हे. मी वाजवत असताना एखादा स्वर कच्चा पडला, की समोरून हात पुढे यायचा आणि माझ्याच मेंडोलिनच्या तारांवर त्यांचा पंजा आदळायचा. आवाज जागच्या जागी बंद. मग ते खिडकीबाहेर बघत बसायचे, जसं काही खोलीत दुसरं कोणी नाहीच. काय चुकलं, हे विचारायची सोय नव्हती. "कान हाय ना तुला? मंग मला काय विचारतेस?" एवढंच उत्तर. चाळिशी ओलांडलेली बाई मी. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं काम करतात, आणि दर रविवारी उत्तनजवळच्या डोंगरी गावात जाऊन या म्हाताऱ्याचा अपमान गिळायचा! कितीदा वाटलं, ते मेंडोलिन त्यांच्या ओटीवर ठेवून द्यावं आणि परतीची बस धरावी.

आम्ही मूळचे गिरगावचे, लग्नानंतर मीरा रोडला शांती नगरमध्ये आलो. ऑफिसात उत्तनची फिलोमिना होती, तिने मला मास्तरांचं नाव सांगितलं. सिनेमाच्या गाण्यांत त्यांनी उभी हयात मेंडोलिन वाजवलं होतं. "माणूस मोठा हाय गं," ती म्हणाली, "पण डोकं गरम. टिकलीस तर टिकलीस." गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणत, पण त्यांच्याकडे शिष्य टिकत नसत. मी गेले तेव्हा मी एकटीच होते, आणि शेवटपर्यंत एकटीच राहिले.

पहिला सगळा पावसाळा त्यांनी मला एकाच तारेवर ठेवलं. एकाच म्हणजे एका जोडीवर. मेंडोलिनला चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकाच स्वरात लावायच्या. त्या जोडीवर पिक, म्हणजे तार छेडायची चपटी चकती, खालीवर, खालीवर, न थांबता फिरवायची. वाद्याला ना गज ना भाता; स्वर उमटला की लगेच विरतो. तो टिकवायचा तर मारत राहायचं. "ह्ये वाजवणं न्हाय, बाय," मास्तर म्हणत. "ह्ये मरणाऱ्याला जागं ठेवणं हाय." मी म्हटलं, निदान एखादं गाणं तरी शिकवा, घरी विचारतात. तर म्हणे, "घरच्यांना सांग, गाणं ऐकायचं तर रेडिओ लावा." त्यांची बायको, मॅटिल्डा मावशी, आतून ओरडायची, "अरे, शिकव ना तिला कायतरी! बसचं भाडं देऊन येते ती!" मास्तर पुन्हा त्याच जोडीकडे बोट दाखवत.

रेडिओचा विषय निघाला म्हणून सांगते. एकदा मावशीच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता आणि एक जुनं गाणं लागलं. मास्तर चहा पीत होते. अचानक त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "आता मी." मी कान टवकारले. पहिली ओळ संपली, मध्ये मेंडोलिनचा एक तुकडा चमकला, आणि गाणाऱ्या बाईंनी दुसरी ओळ उचललीसुद्धा. "संपलो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते तोंडातच राहिलं. "तीस वर्षं ह्येच केलं. दोन ओळींच्या मधली जागा भरायची. वाजवायला लागलो की रेकॉर्डिंगवाल्याचा काचेमागून हात, बस्स. कट. मला अख्खा कोणी आयकलेला न्हाय, बाय. बायकोनंपण न्हाय."

तेव्हा मला तो पंजा कुठून आला ते कळलं. कळलं म्हणून माझा राग गेला नाही, हेही सांगते. काचेमागच्या माणसाने यांचे हाल केले, त्याची भरपाई माझ्याकडून का? मी तसं एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मी थांबवतो ती चूक म्हणून. ते थांबवायचे काम झालं म्हणून. फरक हाय." फरक होता. पण तो इतक्या खडूसपणे सांगायची काय गरज होती?

मास्तरांनी स्वतःची एक चीज बांधली होती. त्यांच्या इकडच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आधी 'उंबराचं पाणी' आणायला जातात. बायका गाणी म्हणत, वाजंत्री घेऊन विहिरीवर जातात आणि घागरी भरून लग्नघरी परततात. मास्तरांची आई त्या वेळी पुढे राहून गायची. तिच्या एका गाण्याची चाल धरून त्यांनी मेंडोलिनवर सगळी वाट मांडली होती. घरातून निघणं, विहीर, पाणी शेंदणं, परतीचा रस्ता, आणि शेवटी उंबऱ्यात नवरीवर पहिलं पाणी पडणं. नाव नुसतं 'पाणी'. वाजवायला पंधरा मिनिटं लागत. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला ते शिकवायला घेतलं. निघणं आलं, विहीर आली, पाणी शेंदणं आलं, परतीचा रस्ता आला. आणि तिथे मास्तर थांबले.

"उंबरा कधी?" मी विचारलं.

"उंबरा सगल्यांबरोबर आयकशील."

झालं होतं असं, की आमच्या शांती नगरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला मास्तरांचा शोध लागला होता. आपल्या भागात एवढा मोठा कलाकार आणि आपल्याला पत्ताच नाही, म्हणून मंडळाचे सचिव हार घेऊन डोंगरीला गेले. सत्कार ठरला, आणि सत्कारानंतर वादन. "मास्तर, तुम्ही बिनधास्त वाजवा," सचिव म्हणाले. मास्तरांनी तीनदा खात्री करून घेतली. "पंधरा मिनिटं लागतील. मधी कोणी थांबवणार न्हाय ना?" सचिव हसले. "तुम्हाला कोण थांबवणार हो?"

त्या दिवसापासून घर बदललं. मास्तर ओटीवर न बसता आतल्या खोलीचं दार लावून बसायला लागले. डाव्या हाताची बोटं आखडायला लागली होती, ती गरम पाण्यात बुडवून मग वाजवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. म्हणूनच घाई होती. शेवटाचा भाग तर ते उलटसुलट करत, अर्धा आजचा, अर्धा कालचा, म्हणजे दाराबाहेर आम्हाला तो सलग ऐकू येऊ नये. मी म्हटलं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवते. असे खवळले! "आयुष्यभर यंत्रासमोर वाजवलं. आता माणसांसमोर वाजवतो, तर तू पुन्हा यंत्र आण!"

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी लग्नातला काळा कोट कपाटातून काढून घातला. हॉलच्या मागच्या खोलीत शाळेतली मुलं नाचाचे कपडे घालून धिंगाणा करत होती. त्या गलक्यात भिंतीला कान लावल्यासारखे बसून मास्तरांनी आठही तारा लावल्या. मावशी पहिल्या रांगेत, नवी साडी. मी तिच्या शेजारी.

मग सत्कार सुरू झाला. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. ते आल्यावर त्यांचा सत्कार, त्यांच्याबरोबरच्यांचा सत्कार. मग निवेदिकेने मास्तरांचा परिचय वाचायला घेतला. मेंडोलिन हे मूळ कुठलं वाद्य, मास्तरांची बोटं कशी जादूची, त्यांचे सूर काळजाला कसे भिडतात. ऐकला नव्हता तिने एक सूर! पण वाचत राहिली, वाचत राहिली, आणि मी घड्याळाकडे बघत राहिले. शाल पडली, श्रीफळ हातात आलं, फोटो झाले. पाहुणे बोलायला उभे राहिले. कला जपली पाहिजे, असं ते फार वेळ बोलले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. मास्तर मात्र मांडीवर मेंडोलिन घेऊन शांत बसले होते, शाळेतल्या मुलासारखे, आपला नंबर येईल म्हणून.

पाहुणे निघाले तशी अर्धी सभा त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. सचिव लगबगीने माईकपाशी आले. "वेळेअभावी आपल्याला पूर्ण वादन घेता येत नाहीये. पण मास्तर आपल्याला दोन मिनिटांत एक छोटीशी झलक दाखवतील!"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले. शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. माईकमध्ये वाकून एकच वाक्य बोलले. "झलक मी खूप वाजवली." मेंडोलिन पेटीत ठेवून पायऱ्या उतरले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, केवढा नम्र माणूस.

मी सचिवांना दारातच गाठलं. लोक बघत होते, बघू देत. "तुम्ही शब्द दिला होता त्यांना."

"मॅडम, समजून घ्या ना. हॉल खाली करायचा होता, वॉचमन केव्हाचा बोल रहा था. और सत्कार तर एकदम व्यवस्थित झाला ना?"

"ते सत्कारासाठी आलेच नव्हते!"

"पुढच्या वर्षी नक्की ठेवू," ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले. वाईट माणूस असता तर मला इतका संताप आला नसता. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना म्हटलं, मला तरी ऐकवा तो शेवट. मावशी म्हणाली, आम्हा दोघींना ऐकव. त्यांनी मान हलवली. "सैपाकघरात न्हाय." मी भांडले. अक्षरशः भांडले. तुमच्या हट्टापायी ते तुमच्याबरोबर जाईल, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "जाऊ दे. कोणाचं अडलंय?" माझं अडलं होतं. पण ते त्यांना ऐकूच येईना. त्यांच्यावरचा तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पुढे बोटं वळेनाशी झाली. पिक गळून पडायला लागली. पावसाळ्याच्या आधी एका दुपारी झोपेतच गेले. मी मावशीला विचारलं, तुला काही आठवतं का शेवटाचं? ती म्हणाली, "तुकडे आठवतात बाय. पण कुठला कुठं लावायचा, ते त्यालाच म्हायत."

मंडळाने त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सत्काराचाच फोटो मोठा करून लावला होता, शालीसकट. मी गेले ती मावशी म्हणाली म्हणून. सचिव पुढे आले, त्यांचे डोळे भरले होते. "मॅडम, तुम्ही त्यांच्या एकमेव शिष्या. त्यांचं 'पाणी' वाजवा. आज कितीही वेळ घ्या."

मी वाजवलं. निघणं वाजवलं, विहीर वाजवली, पाणी शेंदलं. हॉलमध्ये कोणी हललं नाही. परतीच्या रस्त्यावर मावशीने पदर डोळ्यांना लावला. रस्ता संपत आला, मला येतो तिथवर, आणि मी थांबले. मेंडोलिन मांडीवर आडवं ठेवलं.

लोक वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, मी विसरले, किंवा गहिवरले. सचिवांनी खुर्चीवरूनच हाताने खूण केली, होऊ द्या, होऊ द्या.

"मला इथपर्यंतच येतं," मी म्हटलं. "पुढचं मास्तर त्या दिवशी तुमच्याकडे घेऊन आले होते."