लाल की करडा

खोबरं भाजल्याचा वास आला की मला जिंतूरचं आमचं परसदार आठवतं. सासूबाईंचे जावई जेवायला येणार होते. दोन कोंबड्यांतला एक रश्शाला जाणार होता, दुसरा पैदाशीला राहणार होता. पुढची सगळी पिल्लं त्याच्याच वळणावर जाणार. सासूबाईंचा जीव तुरेबाज लाल कोंबड्यावर. "लालच ठिवायचा. त्या करड्यात काय हाय?" "आत्याबाई, आधी दाणे टाकून बघू," म्हणत मी मूठभर ज्वारी फेकली. लाल कोंबडा माद्यांना टोचून एकटाच खात सुटला. करडा मात्र दाण्यापाशी थांबून त्यांना बोलावत राहिला. सासूबाई खुदकन हसल्या. "ह्यो लाल तर आमच्या जावयासारखाच निघाला! घाल त्यालाच पातेल्यात." जावयांनी रस्सा दोनदा मागून घेतला. बाळांनो, आज माझ्या अंगणात करड्याचीच पिलावळ आहे, आणि नर निवडताना मी तुरा शेवटी बघते.