आभाळातून उतरलेला नवरदेव
आभाळात हेलिकॉप्टर घरघरलं की मला कुंभार पिंपळगावजवळची आमची वस्ती आठवते. त्या वैशाखात एका बड्या बागायतदाराच्या लेकीचा नवरदेव हेलिकॉप्टरनं येणार होता. धूळ उडू नये म्हणून आमच्या वस्तीचा पाण्याचा टँकर त्या बागायतदाराच्या रानातच रिकामा झाला. आम्ही बायापोरी रिकाम्या घागरी खाली ठेवून बांधावर थांबलो होतो. हेलिकॉप्टर उतरताना असा वारा सुटला की घागरी गडगडत गेल्या, पण मागं कुणीच धावलं नाही. “माय, आपलं पाणी?” मी विचारलं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती म्हणाली, “पाण्याचं मंग बघू गं. आभाळातून माणूस उतरून राह्यला, ते बघ आधी!” आज माझ्या घरात नळ आहे, विमानातही बसून झालं, पण कोरड्या घशानं तसं हरखणं मला पुन्हा कधी जमलं नाही.