गिटारीची घोडी आणायला लातूरला

पाय लागला, पाय लागला. महिना झाला, आमच्या भजनी मंडळात भजन कमी आणि हेच जास्त. आरतीला सगळ्या एकदम उठतात, मांडी घालून घालून पायाला मुंग्या आलेल्या, आणि कुणाचा ना कुणाचा पाय माझ्या गिटारीला लागतो. वाद्याला पाय लागला की वाकायचं, हात लावायचा, छातीला न्यायचा. एक वाकली की मागची तिच्यावर धडकते. टाळ थांबतात, आरती थांबते. पेटी वाजवणाऱ्या कमलकाकू मंडळाच्या मोठ्या. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवापेक्षा जास्त नमस्कार त्या लाकडाला पडायलेत. वर ठेव, न्हाईतर आणू नको."

पेटी काय अधांतरी असते का? पण पेटीपाशी काकू बसलेल्या, तिकडं पाय टाकायची कुणाची हिंमत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. गिटार माझ्या लेकीची. ती पुण्याला नोकरीला गेली, गिटार कपाटामागं राहिली. मी फोनवर बघून बघून शिकले. शाळा सातवीपर्यंत, पण बोटाला शाळा लागत नाही. चार कॉर्ड येतात, भजनाला चार पुरतात. आता ती मंडळातून काढून टाका म्हणणं मला सोसणारं नव्हतं. म्हणलं, वर ठेवायला काहीतरी आणतेच.

आमच्या नांदेडात विचारलं तर दुकानदारानं भिंतीत ठोकायचा हूक दाखवला. आमचं मंडळ दर गुरुवारी वेगळ्या घरी बसतं. कुणाकुणाच्या भिंती फोडू? लेक म्हणाली ऑनलाइन मागव. फोटोत सगळंच उभं राहतं, बाई. शेवटी लातूरच्या एका वाद्याच्या दुकानाचा नंबर मिळाला. फोन केला, "गिटारीची घोडी हाय का?" तो म्हणाला, "हाय की. लाकडाची बी हाय, प्लास्टिकची बी हाय." झालं, मी दुसऱ्या दिवशी निघाले.

सकाळची एसटी धरा, दुपारी गाडीत उकडतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, साडेतीन तास सहज जातात. बायांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. गिटार मी सोबतच घेतली होती. चप्पल घेताना पाय घरी ठेवून जातो का आपण? ती शेजारच्या सीटवर बसवली तर कंडक्टर आला.

"मावशी, हिचं तिकीट?"

मी म्हणलं, "गिटार तो का ती?"

"ती."

"मग तिचं बी अर्धं काढा."

मागची माणसं हसली. कंडक्टर म्हणाला, "मांडीवर घ्या, लेकरू समजून सोडतो." चाकूरपर्यंत मांडीवर घेऊन माझ्याच पायाला मुंग्या आल्या.

लातूरला उतरल्यावर आधी खाऊन घ्या. बसस्टँडच्या बाहेर गाड्यावर निलंगा राईस मिळतो, गरम आणि तिखट, एका प्लेटीत पोट भरतं. मग गंजगोलाईकडं, तिथल्या गोल बाजारपेठेकडं, रिक्षा. गोलाईला सगळे रस्ते सारखेच दिसतात, तिथं चुकायला होतं. दुकानाचं नाव विचारू नका, कोणत्या गल्लीत आहे ते विचारा.

दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. मी म्हणलं, काल फोन केला होता, घोडी दाखवा. त्यानं ड्रॉवर उघडला आणि बोटाएवढी एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"घोडी."

"ह्याच्यावर गिटार ठेवू?"

"गिटार न्हाई मावशी, ह्याच्यावर तारा टेकतात. वाद्यात हिलाच घोडी म्हणतात."

"आमच्याकडं रंगारी जी शिडी पाय फाकवून उभी करतो, काम झालं की घडी करून खांद्यावर टाकतो, तिला घोडी म्हणतात. एवढ्या लांबून मी ही पट्टी न्यायला आले का?"

तो हसायला लागला. मी नाही हसले. मग त्यानं आतून दोन-तीन स्टँड काढले आणि म्हणाला, "ह्याला स्टँड म्हणायचं." म्हणलं, म्हणा काय म्हणायचं ते, पण उभं करून दाखवा.

पहिला उंच, चकचकीत, वर मान धरायला चिमटा. गिटार लावली, नवरीसारखी दिसली. मी दुकानदाराला खाली मांडी घालून बसवलं. म्हणलं, आता आरती सुरू झाली, पायाला मुंग्या आल्यात, उठा.

"मी?"

"मग काय मी? वस्तू तुमची हाय."

बिचारा गुडघ्यावर हात टेकून उठला, लंगडला, पाय स्टँडला लागला आणि सगळं कलंडलं. गिटार मी वरच्या वर धरली. त्याचा हात सवयीनं गिटारीला लागून छातीकडं गेला. म्हणलं, बघा, हीच माझी अडचण.

दुसरा लाकडी, पोथी ठेवायच्या फुलीच्या आकाराच्या चौकटीसारखा. दिसायला छान, पण गुळगुळीत फरशीवर सरकतो. तिसरा बुटका, लोखंडी, पाय रुंद, खाली रबर, गिटार टेकते तिथं मऊ फोम. घडी केली की पिशवीत मावतो. दुकानदार परत उठला, परत लंगडला. गिटार हलली, पडली नाही. त्याला सतरंजी अंथरायला लावून अजून एकदा उठवलं. तोच घेतला, साडीपेक्षा स्वस्त पडला. तुम्ही घेणार असाल तर उंची बघू नका, पाय किती फाकतात ते बघा. आणि आपली गिटार घेऊन जा, दुकानातल्या गिटारीवर भरोसा ठेवू नका.

येताना अहमदपूरला गाडी चहाला थांबली. मी स्टँडवरच स्टँड उघडला आणि गिटार ठेवून चहा घेतला. एका बाईचं गाठोडं तिला घासून गेलं, ती जागची हलली नाही. बाई म्हणाली, "ईकायला काढली का?"

"न्हाई, वाजवायची हाय."

"मग वाजवा की. नुसतीच हुबी केली."

एक गौळण वाजवली. बाई गाठोड्यावर बसून टाळ्यांनी ताल धरत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा म्हणाली, "अवो, थांबा की, कडवं राहिलंय." पायाचं कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँड घेऊन काकूंच्या घरी गेले. उघडला, गिटार ठेवली. काकूंनी आधी लांबून बघितलं, मग पायाच्या अंगठ्यानं हळूच ढकलून बघितलं. मुद्दाम. गिटार उभीच.

"उभी तर हाय," त्या म्हणाल्या.

"मग गुरुवारी आणते."

"बघू."

"आता काय बघायचं?"

"बाकीच्यांना विचारावं लागंल."

घरी आले. स्टँड सध्या आमच्या बैठकीत आहे, नवरा येता-जाता त्याला वळसा घालून जातो, पाय लावत नाही. लातूरचा माणूस परका असून माझ्यासाठी तीनदा लंगडला. अहमदपूरच्या बाईनं तर गाडी थांबवायला लावली. आणि इथं माझ्याच मंडळात "बघू". म्हणजे अडचण पायाची नव्हती का? पेटीच्या शेजारी दुसरं काही वाजतंय, ती अडचण असंल तर तसं तोंडावर सांगा. ते बी ऐकून घेईन.

काकू, मी इथं लिहिते ते तुमच्यापर्यंत पोचतं, मला माहीत आहे, तुमची सूनच वाचून दाखवते. गुरुवारचं भजन तुमच्याच घरी आहे. बुधवारी दिवेलागणीपर्यंत मला सांगा. हाव म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. बघू म्हणू नका.